आमची वाटचाल : कपातले जिवंत जीवाणू मोजताना

उदगीरमध्ये आमचा दह्याचा व्यवसाय सुरू झाला तो आईच्या विरजणावर. रोजचे चाळीस लिटर दूध, त्यातले बरेचसे आसपासच्या देवणी गायींचे, आणि गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतली घरे व दोन खानावळी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी चाऱ्याअभावी दूध निम्म्यावर आले आणि साध्या दह्यावर चार माणसांचे पगार निघणार नाहीत, हे कळून चुकले. पुढे आम्ही कपातले प्रोबायोटिक दही, म्हणजे आरोग्याला उपयोगी जिवंत जीवाणू असलेले दही, काढले.

खरी शिकवणी झाली ती 2020 मध्ये. करोनाच्या दिवसांत जो तो प्रतिकारशक्ती विकत होता. आम्हीही झाकणांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे छापून घेतले. दुग्धतंत्रज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यातले एक झाकण उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “वाढलेली हवीच कशाला? ॲलर्जी आणि आतड्याचा दाह हेसुद्धा भडकलेल्या प्रतिकारशक्तीचेच प्रताप आहेत.” त्यानंतर दोन तास ते बोलले आणि मी लिहून घेत गेलो.

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्यावर श्लेष्माचा लेप असतो, आणि पेशीपेशींमधल्या फटी प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी बुजवलेल्या असतात. लहान आतड्यात जागोजागी ‘पेयर्स पॅचेस’ नावाचे लसिकापेशींचे (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके आहेत. त्यांच्यावरच्या एम पेशी आतड्यातून जाणाऱ्या जीवाणूंचे नमुने उचलून आत डेंड्रायटिक पेशींच्या, म्हणजे जंतूंची ओळख पटवून देणाऱ्या पेशींच्या, हवाली करतात, आणि समोरचा पाहुणा आहे की चोर, याचा निवाडा तिथे सुरू होतो. प्रोबायोटिक जीवाणूंचे काही वाण येथेच आपला प्रभाव पाडतात. त्यांच्या सहवासात बी पेशी या पांढऱ्या पेशींकडून आयजीए नावाची प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी प्रथिने) अधिक तयार होऊ शकतात, आणि ही प्रतिपिंडे दाह न भडकवता उपद्रवी जंतूंना वेढून अस्तराला चिकटू देत नाहीत. काही वाण नियामक टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना, आणि इंटरल्युकिन-10 या शमवणाऱ्या संदेशद्रव्याला बळ देतात, तर काही श्लेष्माचा लेप आणि पेशींमधले सांधे मजबूत करतात.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. आतड्यात तयार झालेल्या या आयजीए बनवणाऱ्या पेशी रक्तावाटे हिंडून इतर श्लेष्मल अस्तरांतही वस्ती करतात, आणि बाळंतिणीच्या स्तनापर्यंत पोहोचतात. आईच्या चिकात आयजीए भरपूर असते ते यामुळेच. (गाईच्या चिकात मात्र आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड जास्त, खरवस खाताना इतका विचार आम्ही कधी केला नव्हता.)

प्राध्यापकांनी मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या. एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणाच्या नावावर खपवता येत नाही, साधे दही म्हणजे आपोआप प्रोबायोटिक नव्हे, आणि खाणे थांबले की हे जीवाणू बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आतड्यातून निघून जातात. अतिशय आजारी माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत.

छापलेली झाकणे रद्दीत गेली. नव्या झाकणावर वाणाचे पूर्ण नाव आणि विक्रीच्या शेवटच्या दिवशीचा जिवंत जीवाणूंचा आकडा आला. 2016 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान 10 कोटी जिवंत जीवाणू लागतात. वितरकांना हे झाकण रुक्ष वाटले आणि विक्री काही महिने खाली आली, हे मान्य केले पाहिजे.

त्याहून मोठा धडा एका मे महिन्यात मिळाला. एक दुकानदार वीजबिल वाचवण्यासाठी रात्री फ्रीज बंद ठेवत असे. त्याच्याकडून परत आणलेले दही दिसायला घट्ट, फुटलेले नाही, चवीला थोडे आंबट इतकेच. पण प्रयोगशाळेतल्या प्लेटवर, जिथे मोजता मोजता डोळे शिणावेत इतके जिवंत जीवाणूंच्या वसाहतींचे पांढरे ठिपके उमटायला हवे होते, तिथे बोटांवर मोजण्याइतकेच उमटले. आम्लता वाढत गेली तसे आतले बहुतेक जीवाणू मेले होते. गिऱ्हाईकाला आम्ही नुसते आंबट दही विकले होते.

तेव्हापासून उन्हाळ्यात माल पहाटे चारला शीतपेट्यांतून निघतो, दुकानदाराला फ्रीजमध्ये ठेवायला तापमापी आम्हीच देतो, आणि प्रत्येक बॅचमधले सहा कप शेवटच्या दिवसापर्यंत मागे ठेवतो. त्यांची मोजणी माझी पत्नी करते, आणि आकडा कमी भरला तर त्या बॅचचा उरलेला माल बाजारातून परत मागवण्याचा फोनही तीच लावते.