रस्त्यावर कोण हळू मारतं?

"सर, असं हळूहळू खेळून काय फायदा? रस्त्यावर कोण हळू मारतं?"

परळच्या हॉलवर आज संध्याकाळी एका पालकांनी कराटेच्या सरांना विचारलं. त्यांचा ब्राऊन बेल्ट मुलगा एका ग्रीन बेल्ट, म्हणजे त्याच्याहून खालच्या पट्ट्याच्या, मुलीसोबत कुमिते (समोरासमोरची लढत) करत होता आणि सरांनी दोघांनाही अर्ध्या वेगाने खेळायला लावलं होतं.

सर म्हणाले, "त्याचा खालचा पाय बघा."

मुलाने माए-गेरी, म्हणजे समोर मारायची लाथ, उचलली. लाथ तिच्या पोटापासून दोन बोटांवर थांबवायची होती आणि जमिनीवरचा पाय लटपटत होता. जोरात मारतो तेव्हा हा तोल जाणं झाकलं जातं. ती मुलगी एरवी लाथ आली की डोळे मिटून घेते. आज तिने पाय येताना पाहिला, तिरकं पाऊल टाकलं आणि त्याच्या बरगडीला अलगद ठोसा टेकवला. काय चेहरा फुलला होता तिचा!

मला टोकियो ऑलिम्पिकची कराटेची फायनल आठवली, २०२१ची. सौदीचा तारेग हमेदी ४-१ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यात बसली, गंजजादे बेशुद्ध पडला. अतिजोर लावला म्हणून हमेदी बाद, सुवर्ण गंजजादेला. म्हणजे आवर घालता येणं हा नियमाचाच भाग आहे.

त्या पालकांचा प्रश्न चुकीचा नाही. मुलांची काळजी सगळ्यांनाच असते. पण घाबरलेलं मूल रोज मार खाऊन धीट होतं, हे मला अजिबात पटत नाही.

तुमच्या मुलांच्या क्लासमध्ये असा संथ सराव घेतात का?