विमानात टिप द्यावी का? टोकियोमार्गे अमेरिकेला जाताना आलेला अनुभव

टोकियोहून अमेरिकेला जाताना मध्यरात्रीच्या सुमारास शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांना भोवळ आली. बटण दाबताच केबिन क्रूमधील एक तरुणी आली, त्या अरुंद वाटेतच गुडघे टेकून बसली, तिने त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला आणि पुढचा पाऊण तास ती दर थोड्या वेळाने येऊन त्यांची विचारपूस करत राहिली. विमान उतरण्यापूर्वी मी २० डॉलरची नोट घडी करून तिच्यापुढे धरली, तेव्हा ती किंचित वाकून म्हणाली, "हे आमचे कामच आहे." मी पुन्हा आग्रह केला आणि तिच्या चेहऱ्यावर अवघडलेपण स्पष्ट उमटले. जपानमध्ये टिप देण्याची प्रथाच नाही, हे मला ठाऊक होते. तरी हात खिशाकडे गेलाच.

खरी गफलत अशी, की ट्रेमधून चहा आणून देणाऱ्या माणसाला आपण नकळत वेटर समजतो. १९३० मध्ये विमानात रुजू झालेली अमेरिकेतील पहिली हवाई सेविका एलेन चर्च ही प्रशिक्षित नर्स होती. आजही मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यासाठी निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते, हे सिद्ध करावे लागते आणि प्रत्यक्ष संकटात ते काम क्रूवरच असते. अशा माणसाला सुटे पैसे देणे मला आता विचित्र वाटते.

टिपेच्या माहेरघरी, म्हणजे अमेरिकेतही, केबिन क्रूला टिप न देण्याचाच संकेत आहे. तिथे रेस्टॉरंटमध्ये बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देतात, कारण वेटरचे मूळ वेतन त्या हिशेबानेच कमी धरलेले असते; केबिन क्रूचे तसे नसते. अपवाद फ्रंटियर या स्वस्त विमानसेवेचा आहे. तिथे विमानात खाद्यपेये विकत घेताना पैसे भरण्याच्या पडद्यावर टिपेचा पर्याय येतो आणि २०१९ पासून ती रक्कम त्या त्या कर्मचाऱ्याला मिळते. क्रूच्या संघटनेने या पद्धतीला विरोध केला होता, त्यामुळे पर्याय नाकारताना संकोच बाळगू नये.

माझ्यानंतर असा प्रवास करणाऱ्यांनी एवढे करावे: नोट पुढे केलीच आणि नकार आला, तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये. काही द्यायचेच असेल, तर विमानात शिरतानाच चॉकलेटचे सीलबंद खोके पर्सरच्या, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाच्या, हाती सर्व क्रूसाठी म्हणून द्यावे. उघडलेले किंवा घरी केलेले पदार्थ टाळावेत, कारण ते खाणे त्यांना धोक्याचे वाटू शकते. सर्वांत उपयोगी म्हणजे नावाची पट्टी वाचून, फ्लाइट क्रमांक आणि तारखेसह, नेमके काय घडले ते कंपनीला लिहून कळवणे. मी उतरल्यावर सामानाची वाट पाहत असतानाच ते लिहून टाकले.

ती २० डॉलरची नोट मुक्कामी पोहोचल्यावर सामान खोलीपर्यंत आणणाऱ्याला दिली. त्याने ती न पाहताच खिशात टाकली.