मंगळवारच्या वह्या

न्यूयॉर्कच्या पासष्टाव्या रस्त्यावर ज्युलियार्ड हे जगभर नाव असलेले संगीतविद्यालय आहे. त्याच रस्त्याने नदीच्या दिशेने ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू ओलांडली, की महापालिकेच्या वसाहतीतील विटांच्या इमारतींपाशी लिंकन स्क्वेअर नेबरहूड सेंटर नावाचे एक साधे समाजकेंद्र लागते. करोना येईपर्यंत कित्येक वर्षे दर मंगळवारी संध्याकाळी तेथे जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिस यांचा वर्ग भरत असे. प्रवेशपरीक्षा नव्हती, पदवी नव्हती आणि हजेरीपटही नव्हता. दारात थोडे पैसे द्यायचे आणि आत जाऊन उभे राहायचे. मी न्यू जर्सीहून नोकरी संपवून तेथे पोहोचेपर्यंत पियानोभोवती दोन-तीन रांगांचे कडे झालेले असे, त्यामुळे बॅरींचे हात मला बहुधा कोणाच्या तरी खांद्यावरूनच दिसत.

सगळे त्यांना नुसते 'बॅरी' म्हणत. नव्वदीकडे झुकलेल्या गुरूला एकेरी नावाने हाक मारणे सांगलीत वाढलेल्या माझ्या जिभेला अखेरपर्यंत जमले नाही, आणि 'मिस्टर हॅरिस' म्हटले की आजूबाजूचे वळून पाहत. त्यामुळे मी गप्प राहून वहीत लिहीत असे. माझ्याजवळ अशा तीन वह्या आहेत आणि हा लेख खरे तर या वह्यांविषयीच्या माझ्या तक्रारीतून सुचला आहे.

बॅरी हॅरिस यांचा जन्म १५ डिसेंबर १९२९ रोजी डेट्रॉइटमध्ये झाला. आई चर्चमध्ये पियानो वाजवीत असे आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास तिनेच त्यांना पियानोवर बसविले. १९५०च्या दशकात, म्हणजे स्वतः पंचविशीत असतानाच, त्यांचे घर गावातील होतकरू वादकांची शाळा झाले होते. सॅक्सोफोनवादक चार्ल्स मॅकफर्सन हे त्या वेळचे शाळकरी शिष्य, आणि त्यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. त्यांचे शाळेचे बेताच्या गुणांचे प्रगतिपुस्तक बॅरींच्या दृष्टीस पडले, तेव्हा सामान्यपणावर समाधान मानणाऱ्या मुलाला हे संगीत वाजविता येणार नाही, असे त्यांनी बजावले. मॅकफर्सन पुस्तके वाचू लागले ते त्या दिवसापासून. आपल्याकडील एखाद्या करड्या गुरुजींची गोष्ट वाटावी, अशीच ही आहे.

१९६० साली बॅरी न्यूयॉर्कला आले. कॅननबॉल ॲडरली, कोलमन हॉकिन्स, डेक्स्टर गॉर्डन अशा मोठ्या वादकांना त्यांनी साथ केली. हडसन नदीच्या पलीकडे वीहॉकन येथे जॅझ कलावंतांच्या आश्रयदात्या पॅनोनिका द कोनिग्सवार्टर यांच्या घरी ते राहत. थोर जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांची अखेरची वर्षेही त्याच घरात गेली. मंक यांनी शिकविण्यासाठी असे फारसे काही सांगितले नाही, पण एकदा एकाच गाण्याची आवर्तने दोघांनी पियानोवर आळीपाळीने कितीतरी वेळ वाजविली, ही हकीकत जॅझच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये मंक गेले. त्याच वर्षी बॅरींनी मॅनहॅटनमधील आठव्या ॲव्हेन्यूवर जॅझ कल्चरल थिएटर उघडले. जॅझची मैफल म्हटली की शेजारी मद्यालय असायचेच, असा येथील रिवाज. तेथे मात्र दारू नव्हती, संगीत होते आणि शिकवणी होती. १९८७ मध्ये ते थिएटर बंद झाले, पण वर्ग मात्र जागा बदलत चालू राहिले.

आता ते शिकवीत काय, हे थोडे सविस्तर सांगते, कारण लहानपणी पेटीवर पलटे घोटलेल्या माणसाला ते जॅझच्या पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल, असे मला वाटते. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध म्हणजे आठ सुरांचे एक सप्तक. (अष्टक म्हणायला हवे, पण असो.) सा रे ग म प, मग कोमल ध, मग शुद्ध ध आणि नी. यातील एकाआड एक सूर उचलले, की सा-ग-प-शुद्ध ध ही एक कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा समूह) होते, आणि उरलेले रे-म-कोमल ध-नी हे सूर दुसरी कॉर्ड होतात. पहिली विसाव्याची, दुसरी अस्वस्थ, म्हणजे येथील भाषेत 'डिमिनिश्ड'. सप्तकावर पायरी-पायरीने चढत जाताना प्रत्येक सुराखाली या दोहोंपैकी एक येते: विसावा, अस्वस्थता, पुन्हा विसावा. जॅझ शिकणारे विद्यार्थी कॉर्ड म्हणजे कागदावर छापलेला एक ठोकळा समजतात आणि एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतात. बॅरींचे म्हणणे असे, की कॉर्ड ही थांबण्याची जागा नाही, ती चाल आहे. एकाच कॉर्डवर चार मात्रा काढायच्या असल्या, तरी त्या चार मात्रांत डाव्या हाताला चालण्यासाठी अख्खा जिना आहे.

दुसरा धडा लयीचा होता, आणि तो मला समेच्या ओळखीमुळे एका संध्याकाळीच पटला. चार मात्रांत आठ अर्ध्या मात्रा असतात आणि सप्तकात सूर सातच. कोमल निषादाचे सप्तक घ्या आणि तार षड्जापासून अर्ध्या-अर्ध्या मात्रेने सरळ खाली उतरा. मध्य षड्ज आठव्या अर्ध्या मात्रेवर, म्हणजे ठोक्यावर न पडता ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतो आणि सगळी तान ओशाळल्यासारखी ऐकू येते. उतरताना कोमल निषादाच्या आधी शुद्ध निषाद घातला, तर सां, कोमल नी, प आणि ग हे कॉर्डचे चारही सूर ठोक्यावर येतात आणि षड्ज पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर अलगद उतरतो. कोणत्या सुरापासून निघाल्यास किती जादा सूर घालायचे, याचे त्यांनी नियमच बसविले होते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि पियानोवादक बड पॉवेल यांच्या वादनात हे सगळे आधीपासून होते. बॅरींनी ते ऐकून ऐकून वेगळे काढले आणि दुसऱ्याला देता येईल अशा रूपात मांडले. पंडित भातखंडे गावोगावच्या उस्तादांकडून चिजा गोळा करून त्यांची व्यवस्था लावीत होते, त्या खटाटोपाची मला येथे आठवण होते. फरक एवढाच, की बॅरी स्वतः त्याच घराण्यातले वादक होते.

ते विश्वाची एक गोष्टही सांगत. आधी बारा सुरांचे पूर्ण विश्व. त्यातून पूर्ण स्वरांच्या अंतराची, म्हणजे मधला एकेक सूर सोडून घेतलेली, सहा-सहा सुरांची दोन सप्तके निघाली, एक पुरुष आणि एक स्त्री. दोघांकडून दोन-दोन सूर घेऊन तीन अपत्ये जन्माला आली, त्या तीन डिमिनिश्ड कॉर्ड. अशा अपत्यातील कोणताही एक सूर अर्ध्या स्वराने खाली ओढला, की एक डॉमिनंट कॉर्ड, म्हणजे षड्जाच्या विसाव्याकडे ओढ असलेली कॉर्ड, जन्मते. चार सुरांतून चार. म्हणून त्या चारही कॉर्ड भावंडे, आणि एकीच्या जागी दुसरी चालते. महाविद्यालयात जो विषय एक सत्रभर तक्त्यांवरून शिकवितात, तो असा वंशावळीसारखा लक्षात राहतो.

माझ्या वह्यांत हे सगळे आहे. नियम आहेत, तक्ते आहेत, वेगवेगळ्या रंगांच्या शाईने काढलेली वंशावळही आहे. नाही ती वादनातली एकही जागा. बॅरी नियम सांगून थांबत नसत. एखाद्या गाण्याच्या चार मात्रा घेऊन त्यावर तेथल्या तेथे एक तुकडा रचीत, तो तोंडाने म्हणून दाखवीत, आणि मग सारा वर्ग तो वाजवी. चुकला की पुन्हा. कोठला ठोका जड आणि कोठला हलका, हे चुटकी कोणत्या मात्रेवर वाजवायची यावरून ते घोटून घेत, कारण बहुतेकांची चुटकी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडे आणि ती दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडायला हवी असे. हे चाललेले असताना मी काय करीत होते? मागे उभी राहून आधीच्या तुकड्याचा नियम सुवाच्य अक्षरात उतरवीत होते.

त्यांची शिकवण जतन करण्याचे काम इतरांनी माझ्यापेक्षा पुष्कळ शहाणपणाने केले आहे. टोरोंटोचे हॉवर्ड रीस यांनी बॅरींच्या हयातीतच त्यांच्या कार्यशाळांच्या चित्रफिती आणि त्यांसोबतच्या अभ्यासवह्या काढल्या. नेदरलँड्समधील हेग येथील कार्यशाळांच्या ध्वनिचित्रफिती आज घरबसल्या कोणालाही पाहता येतात. करोनाकाळात बॅरींनी नव्वदीत संगणकासमोर बसून वर्ग चालू ठेवले, आणि पासष्टाव्या रस्त्यावर कधीच येऊ न शकलेले विद्यार्थी त्यांत सामील झाले. ८ डिसेंबर २०२१ रोजी, ब्याण्णवावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, न्यू जर्सीतील रुग्णालयात करोनामुळेच त्यांचे निधन झाले.

आता आम्ही चार-पाच जण महिन्यातून एका मंगळवारी जर्सी सिटीतील एका घरी जमतो. टोकियोहून आलेल्या एका गिटारवादकाकडे त्या वर्गांची पुष्कळ ध्वनिमुद्रणे आहेत. खोकल्यांसकट, खुर्च्यांच्या आवाजासकट. आम्ही एक ध्वनिफीत लावतो, बॅरी तुकडा म्हणतात, आम्ही थांबवून तो उचलतो. बाकीचे पाश्चात्त्य लिपीत लिहितात, मी सरगम लिहिते. त्यांना माझ्या कोमलाच्या आडव्या रेघांचे कौतुक वाटते. बॅरींच्या आवाजातले जादा सूर मात्र दोन्ही लिप्यांत थोडे निसटतात, कारण ते नेमके अर्ध्या मात्रेवर नसून तिच्या किंचित मागे असतात.

गेल्या महिन्यात लावलेल्या ध्वनिफितीची तारीख मी माझ्या वहीत शोधली. त्या रात्रीचे माझे टिपण एका वाक्याच्या मध्येच संपते. पोर्ट ऑथॉरिटी या बसस्थानकावरून सुटणारी बस गाठण्यासाठी मी निघाले असणार. ध्वनिफितीत एक दार उघडून बंद झाल्याचा आवाज आहे, तो माझाही असू शकेल. त्यानंतर वर्ग आणखी दीड तास चालला होता. आम्ही त्यातली पहिली वीस मिनिटे उतरवून झालो आहोत.