समुद्र बघायला गेले नि गडगे बघून आले

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्हिडिओ कॉलवर मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांचा एकच प्रश्न: "राजापूरची पोर तू, समुद्र काय बघितला नव्हतास? शनिवार-रविवार त्या चिंक्वे तेर्रेला कशाला गेलीस?"

परीक्षा संपली होती, इथे इटलीत तुरीनमध्ये धुकं होतं आणि मैत्रिणीला चार जणींत वाटून घ्यायची एक स्वस्त खोली ला स्पेत्सिया या बंदराच्या शहरात मिळाली होती. एवढंच कारण. तिथून पुढची गाडी थेट कोकण रेल्वेची बहीण. बोगदा, बोगदा, मध्येच डोळ्यांवर निळं पाणी, की पुन्हा बोगदा. चिंक्वे तेर्रेची पाच गावं (रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो) अशी त्या बोगद्यांच्या फटींत बसली आहेत. दोन दिवसांत पाचही होतात. फोटोही छान येतात.

समुद्राचं म्हणाल तर मला तो जरा अळणीच वाटला. भरती-ओहोटी म्हणावी तर जेमतेम वीतभर. म्हणून तर घरं अगदी पाण्याच्या काठावर येऊन उभी आहेत. आपल्याकडे असं घर बांधाल तर पहिल्या उधाणात चुलीत मासे.

कोर्निल्या हे एकच गाव समुद्राला टेकलेलं नाही, शंभरेक मीटर वर आहे. स्टेशनवरून ३८० च्या आसपास पायऱ्या. बस होती, हे वर पोचल्यावर कळलं. तिथून आम्ही वोलास्त्रा गावावरून मानारोलाकडे चालत निघालो आणि समुद्र डावीकडे... नाही, उजवीकडे होता. बघा, तेही आठवत नाही! कारण माझं सगळं लक्ष गडग्यांकडे. पूर्ण डोंगर उतारभर दगडावर दगड रचलेला बांध, चुना नाही की सिमेंट नाही, आणि प्रत्येक गडग्यामागे पायरीएवढी द्राक्षाची शेती. पायवाट काही ठिकाणी गडग्याच्या डोक्यावरूनच जाते. द्राक्षं उतरवायला दात्यांच्या एका रुळावर चालणारी खेळण्यासारखी गाडी आहे, कारण दुसरं काही तिथे चढतच नाही. त्यातली काही द्राक्षं सुकवून 'शाकेत्रा' नावाची गोड वाइन करतात. ती परवडली नाही. बेसनाची फारिनाता परवडली. भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच ते, फक्त मिरची विसरलेलं.

या रचलेल्या शेतांसाठीच १९९७ साली युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशात घेतला. २०१८ मध्ये तर कोरडे दगड रचायची कलाच इटलीसकट आठ देशांच्या नावावर वेगळ्या यादीत चढली. आपला गडगा राहिला बाहेर!

पण पुष्कळ शेतं ओस आहेत, झुडपांनी गिळलेली. एकोणिसाव्या शतकात ला स्पेत्सियात नौदलाची गोदी झाली, रेल्वे आली, आणि तरुण पोरं पगारावर निघून गेली. थोडक्यात, ला स्पेत्सिया ही त्यांची मुंबई आणि हे त्यांचे चाकरमानी. गडग्याचा एक दगड ढळला आणि कोणी परत लावला नाही, की पाणी तिथूनच वाट काढतं. २५ ऑक्टोबर २०११ ला वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत डोंगर गाळ होऊन गल्ल्यांत उतरला, माणसं गेली. पाऊस अफाट होताच, पण वर लक्ष ठेवणारे हातही उरले नव्हते.

रात्री आजोबांना फोनवर फोटो दाखवले. दर पावसाळ्यानंतर कलमांच्या बागेचा गडगा ते अजून स्वतः नीट करतात. समुद्राचे फोटो त्यांनी भराभर पुढे ढकलायला लावले. गडग्यावर थांबले.

"मधे माती घालतात काय गो?"

"नाही, नुसता दगड."

"बरोबर. पाणी जायला हवं." मग जरा वेळाने, "आणि गडी मिळतात?"