पाण्यात बुडणारा हिरडा

मेळघाटातल्या धारणीच्या आठवडी बाजारात कपड्यांची, चपलांची दुकानं संपली आणि भोंग्याचा आवाज जरा मागं पडला, की पोत्यावर जडीबुटीचे ढीग दिसू लागतात. मुरुडशेंग, वावडिंग, बेहडा. आणि कोपऱ्यात हिरडा, सुरकुतलेला, मातकट, पाच कंगोऱ्यांचा. दिसायला अगदीच गरीब. विकणारी बाई म्हणते, "हातात घेऊन पाय ना भाऊ. हलका लागला तं ठेवून दे, किडीचा हाय थो."

सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही परीक्षा हीच आहे: नवा, स्निग्ध, घट्ट, गोल, जड आणि पाण्यात टाकला की बुडणारा. शंका आली तर शेजारच्या चहावाल्याकडून ग्लासभर पाणी मागावं आणि पाच फळं टाकून पाहावीत. तरंगलेल्या फळाच्या सालीवर बहुधा टाचणीएवढं भोक सापडतं.

तिबेटी पटचित्रांतला निळा भैषज्यगुरू बुद्ध उजव्या हातात याच हिरड्याची डहाळी धरून बसलेला असतो. युरोपात तर इटलीतले औषधविके कमरेत बारीक असलेल्या रंगीत, झिलई दिलेल्या मातीच्या बरण्यांवर औषधाचं नाव रंगवून घेत. कमर बारीक, कारण खच्चून भरलेल्या फळीवरून बरणी उचलताना बोटं नीट बसावीत. त्यांच्याकडच्या 'मायरोबलान' नावाच्या पाच फळांत बेहडा होता, आवळा होता. 'चेब्युलिक' म्हणजे आपला हिरडा, नाव काबूलवरून पडलेलं. 'इंडिक' म्हणजे बी धरण्याआधीच गळालेला काळा बाळहिरडा. बरणीचा थाट मोठा, पण आतलं फळ हलकं की जड हे नक्षी सांगत नाही. ते पोत्यावरच कळतं.

घरी आणल्यावर पहिली चूक लोखंडी खलात होते. हिरड्यातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की चूर्ण काळं पडतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिळून शाई होते ती याच कारणानं. शाई हवी असेल तर ठीक. चूर्णासाठी दगडी खल घ्यावा. आधी फळ फोडून बी काढायची, साल दोन दिवस कडक उन्हात टाकायची, मग कुटून वस्त्रगाळ करायची. ओलसर साल कुटली तर बत्त्याला चिकटते आणि चूर्णाचे गठ्ठे होतात.

दुसरी चूक त्रिफळ्यात. 'एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे' हे वचन ऐकून लोक 10 ग्रॅम, 20 ग्रॅम, 40 ग्रॅम तोलतात. वचनात मोजणी फळांची आहे. जुन्या मापानं हिरडा दोन कर्षांचा, बेहडा एकाचा, आवळा अर्ध्याचा, म्हणजे तिन्हींचं वजन सारखंच येतं. यावर वैद्यांत मतभेद आहेत, पण आमचा कौल समभागालाच. मात्र वजन बी काढल्यावर करायचं. बीसकट तोललं तर हिशेब फसतो.

हिरड्याच्या चूर्णासोबत काय घ्यायचं, ती जोडही ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, उन्हाळ्यात गूळ. गरोदर बाईनं मात्र यापासून लांबच राहावं.

चूर्ण महिना-दोन महिने पुरेल एवढंच करावं आणि काचेच्या बरणीत ठेवावं. मृगानंतर बरणीत ओला चमचा गेला, की आठवडाभरात वर बुरशी धरते.