गव्हाच्या शहरातल्या गव्हाच्या गंजी

शिकागोला गेलेले बहुतेक जण उंच इमारती बघून मान अवघडून घेतात. मला ओढ होती ती मिशिगन अव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाची. भाची शिकागोतच नोकरीला, त्यामुळे राहण्याची चिंता नव्हती. “मावशी, एक अख्खा दिवस तुझ्या चित्रांना,” असं तिनेच जाहीर करून टाकलं होतं.

हे शहर मुळात बाजारपेठेचं. गहू, लाकूड, डुकरं, सगळं रेल्वेने इथे यायचं आणि इथे त्याचा पैसा व्हायचा. १८७१च्या आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला आणि त्यानंतर आठच वर्षांनी, १८७९ मध्ये, ही संस्था सुरू झाली. आताची इमारत १८९३ची. दारावरचे ब्राँझचे दोन सिंह पुढच्या वर्षी आले, आता चांगलेच हिरवे पडलेत. शहराचा एखादा संघ मोठी अंतिम लढत खेळत असला की त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवतात. ही कल्पना मला फार आवडली.

११ सप्टेंबर १८९३ला स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले ते याच इमारतीत. समोरच्या रस्त्याच्या एका तुकड्याला त्यांचं नाव दिलंय. २०१० मध्ये मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर ते संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत उमटवलं होतं. अक्षरांचे रंग होते अमेरिकी सरकारच्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्याचे. एकाच तारखेच्या दोन घटना, एक १८९३च्या भाषणाची आणि एक २००१च्या दहशतवादी हल्ल्याची, त्यांनी अशा एकमेकींसमोर उभ्या केल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या पायऱ्या कोऱ्या होत्या, तरी चढताना नजर खालीच जात होती.

जिना संपला की फ्रेंच चित्रकार कायबॉटचं ‘पॅरिसमधला पावसाळी रस्ता’ समोर येतं. १८७७चं चित्र, दोन मीटरहून उंच. छत्री धरलेलं जोडपं आपल्याच अंगावर चालत येतंय असं वाटतं, आपण बाजूला सरकायचंच बाकी राहतं. रस्त्याचे ओले दगड बघताना भाची म्हणाली, “पाऊस तर दिसतच नाहीये!” खरंच, एकही धार रंगवलेली नाही. सगळा पाऊस त्या दगडांवर आणि छत्र्यांवर.

पुढे फ्रेंच चित्रकार मोने. शेतातल्या गव्हाच्या गंजी, तीच जागा, पण सकाळची, संध्याकाळची, बर्फातली. १८९०-९१ मध्ये रंगवलेल्या या मालिकेतली सहा चित्रं या संग्रहात आहेत, इतकी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. यामागे बर्था पामर नावाची बाई आहे. नवरा कापडाच्या दुकानातून वर आलेला, पुढे हॉटेल आणि जमिनींचा मालक. मोनेने ही चित्रं काढल्यानंतर लगेचच तिने ती विकत घ्यायला सुरुवात केली. गव्हाच्या सट्ट्यावर जगणाऱ्या शहराने गव्हाच्याच गंजी घरी नेऊन टांगाव्यात, याची मला गंमत वाटत राहिली. पण या म्युझियमची खरी गोष्ट हीच आहे. या व्यापारी लोकांनी माल ताजा असताना उचलला.

सोरां या फ्रेंच चित्रकाराचं ‘ला ग्रांद जात’ मात्र तेवढं ताजं नव्हतं. शिकागोचे संग्राहक फ्रेडरिक बार्टलेट यांनी ते १९२४ मध्ये घेतलं, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी. तरी फ्रान्सने ते जाऊ दिलं याचं नवल वाटतंच. तीन मीटर रुंद. जवळ गेलं की नुसते ठिपके, दहा पावलं मागे आलं की नदीकाठचा रविवार. हिरवळीवरचे काही ठिपके मळकट तपकिरी दिसतात. सोरांनी वापरलेला जस्ताचा पिवळा रंग काही वर्षांतच काळवंडायला लागला होता. पुस्तकात हे कधी लक्षात आलं नव्हतं. हे चित्र बघायचं तर इथेच यावं लागतं. १९५८ मध्ये ते न्यूयॉर्कला पाठवलं असताना तिथल्या म्युझियमला आग लागली. चित्र वाचलं, पण त्यानंतर ते शहराबाहेर गेलेलं नाही.

सोळाव्या शतकातल्या एल ग्रेकोचं चार मीटर उंच ‘मेरीचं स्वर्गारोहण’ १९०६ मध्ये आणलं गेलं, तेही चित्रकार मेरी कसाट यांच्या सल्ल्यावरून. मी त्याच्यासमोर बाकावर बसले ती उठेचना. “मावशी, तू बस, मी कॉफी पिऊन येते,” म्हणून पोरगी पसार झाली.

शहर नेहमीच असं शहाणं होतं असं नाही हं. १९१३ मध्ये युरोपातली नवी चित्रं इथे लागली, तेव्हा संस्थेच्याच कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी फ्रेंच चित्रकार मातीसवर खोटा खटला चालवून त्याच्या चित्रांच्या नकला जाळल्या. तेरा वर्षांनी पिकासोचा निळा ‘म्हातारा गिटारवाला’ याच संस्थेत दाखल झाला. नीट पाहिलं तर त्याच्या मानेमागे खाली झाकलेल्या जुन्या चित्रातला बाईचा चेहरा दिसतो.

अमेरिकन दालनात गर्दी असते ती ‘अमेरिकन गॉथिक’पुढे. ग्रँट वुडने बहिणीला आणि आपल्या दंतवैद्याला उभं करून ते १९३०मध्ये काढलं, इथल्याच स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळवलं आणि संस्थेने ३०० डॉलरला ते ठेवून घेतलं. चित्र अपेक्षेपेक्षा लहान आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. हॉपरच्या ‘नाइटहॉक्स’पुढे मात्र दोघीही गप्प झालो. १९४२ मध्ये पूर्ण झालं आणि काही महिन्यांतच ३००० डॉलरला इथे आलं. त्या उजळ खानावळीला बाहेरून आत जायला दारच दिसत नाही, हे भाचीने दाखवलं.

तळघरातल्या थॉर्न बाईंच्या ६८ छोट्या खोल्या चुकवू नका. फुटाला इंच या मापाने केलेली ही श्रीमंतांची भातुकली आहे, छोट्या खिडक्यांतून उजेडसुद्धा येतो. इमारतीचे दोन भाग रेल्वेच्या रुळांवरून जोडलेले आहेत, त्या पट्ट्यात भारतीय शिल्पं आहेत आणि खालून लोकल धावतात.

जाणार असाल तर पाठीवरची मोठी पिशवी नेऊ नका, ती जमा करावी लागते. आणि सोमवार ते रविवार असा हिशेब न धरता सुट्टीचे वार आधी बघा. वास्तुकार रेन्झो पियानोने बांधलेला २००९चा नवा भाग आम्हाला नीट पाहता आला नाही. पिकासो बघून होईपर्यंतच सुरक्षा रक्षक बंद होण्याची वेळ सांगत फिरायला लागले होते.