आगोटीच्या यादीत टायर

मे महिना लागला की आमच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, यादी निघते. सुकी मासळी, मीठ, आमसुलं, मसाला, जळाऊ लाकडं, कौलं शाकारणारा माणूस. यंदा मी त्या यादीच्या तळाला 'टायर बघणे' असं लिहिलं. आईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, त्याच्याखाली 'झाडू दोन' लिहिलं आणि यादी घडी घालून डब्याखाली सरकवली. तिच्या मते हा खर्च आगोटीचा नाही, हौसेचा. असो.

गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटारसायकल. टायर पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, आऱ्यांची चाकं, आत ट्यूब. मुक्काम रत्नागिरी. नोंद नोव्हेंबर २०२४ पासूनची.

ओडोमीटर ३१,२४०

मागचा टायर संपला. खोबणीच्या तळाशी जो उंचवटा असतो, तो मधल्या पट्ट्यात नक्षीच्या बरोबरीला आला. बाजूला टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं, त्या रेषेत आत बघितलं की हा उंचवटा सापडतो. पुढच्यात अजून चार-पाच हजारांचा जीव होता, पण बदलायचे तर दोन्ही एकदम, म्हणून तोही काढला. जुन्या जोडीने मला चांगली साथ दिली, तक्रार नाही.

आता घ्यायचं काय? मोह बटन टायरचा (कच्च्या रस्त्यासाठीचा, सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचा) होता. फोटोत गाडी कशी दणकट दिसते! पण माझी एक सवय आहे, फेरी झाली की वहीत रस्ता लिहितो: डांबर, काँक्रीट, खडी, कच्चा. वही काढून वर्षभराची बेरीज केली तर शंभरातले ब्याण्णव किलोमीटर डांबर आणि काँक्रीट. कच्चा म्हणजे काय, तर कुणाच्या तरी आंब्याच्या बागेपर्यंतचा जांभ्याचा रस्ता आणि एखादी सड्यावरची (जांभ्याच्या पठारावरची) वाट. त्या आठ किलोमीटरसाठी उरलेले ब्याण्णव बटनांवर काढायचे? ओल्या काँक्रीटवर बटन टायरचं रबर मुळात कमी टेकतं, आणि वळणात ती बटनं मुडपतात ते बुडाला कळतं. मी रस्त्याकडे झुकणारी नक्षी घेतली: मधे जवळपास सलग पट्टा, बाजूला तिरक्या खोल खोबण्या, रबर मऊ आणि सिलिका असलेलं. मऊ रबर लवकर झिजणार हे मान्य करूनच घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की गप्पा तिथेच अडकतात, आणि मला बोलायचंय हवेबद्दल.

दुकानदाराने आधी एक जोडी स्वस्तात पुढे केली. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते बघितले, १८२१. म्हणजे २०२१ सालचा अठरावा आठवडा. साडेतीन वर्षं दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली, खाऱ्या हवेत. नको म्हटलं. दुसरी जोडी निघाली ती ३४२४ ची.

बसवताना मी समोर उभा राहतो, दुकानदाराला आवडत नाही तरी. बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, पिवळा ठिपका (टायरची हलकी बाजू) व्हॉल्व्हजवळ आलाय ना, ट्यूबला पावडर लावली ना, आणि रिमच्या कडेला टायरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर बसली ना. पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: व्हॉल्व्हचं नट. पोरगा ते रिमपर्यंत पाना लावून आवळत होता. मी ते वर सरकवून व्हॉल्व्हच्या टोपीला भिडवून ठेवायला लावलं. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. नट मोकळं असेल तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि आपल्याला दिसतं. नट आवळलेलं असेल तर दिसत काहीच नाही, व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

ओडोमीटर ३१,९००

हा भाग लिहायला मला सगळ्यात मजा येते.

टायरवर आकाराच्या पुढे ६४एस असं काहीतरी असतं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग, तो आपण सोडून देऊ. ६४ म्हणजे २८० किलो. एवढं वजन तो टायर पेलतो, पण बाजूवर लिहिलेल्या जास्तीत जास्त दाबाला. हवा कमी म्हणजे पेलणंही कमी. मग माझ्या मागच्या चाकावर खरोखर वजन येतं किती?

ओळखीच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये पेट्या मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आहे, ३०० किलोचा. हंगाम नव्हता, काटा रिकामा होता. मागचं चाक काट्यावर, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, दोघांनी धरलेली गाडी आणि वर मी, हेल्मेट-बुटांसकट, मागे दोन बॅगा. काटा म्हणाला १७८. मग चाकं उलटी केली: पुढे १२५. मग बायकोला बसवलं. ती आधी "काट्यावर? मी?" म्हणून अडून बसली, शेवटी आकडा तिने बघायचा नाही आणि मी बोलायचा नाही या अटीवर बसली. आता बेरजेतून तो निघेलच, त्यामुळे अट मोडतोय. मागे २३२, पुढे १२९.

बघा म्हणजे. माणूस वाढलं तर पुढे जेमतेम चार किलो वाढले आणि मागे चोपन्न. डबलसीट असताना मागची हवा वाढवायला का सांगतात आणि पुढच्याला जवळपास हात का लावत नाहीत, हे पुस्तकात वाचून मला कधी पटलं नव्हतं, आंब्याच्या काट्यावर पटलं. त्या दिवसापासून माझा हिशोब ठरला. हवा वजनाला द्यायची, रस्त्याला किंवा पावसाला नाही. एकटा: पुढे २५, मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, पुढचे सगळे आकडे त्यातलेच). डबलसीट आणि बॅगा: पुढे २७, मागे ३६, बाजूवरच्या कमाल आकड्याच्या आत राहून. हे माझ्या वजनाचे आकडे आहेत, तुमची गाडी वेगळी असेल तर तिच्या पुस्तकातल्या आकड्यापासून सुरुवात करा.

आणि हे सगळं थंड टायरला. सकाळी घराबाहेर, गाडी सुरू करायच्या आधी, स्वतःच्या गेजने. एका पंपावरचं मीटर माझ्या गेजपेक्षा तीनने जास्त दाखवत होतं, म्हणजे तिथे ३२ भरून मी महिनोन्महिने २९ वर फिरत होतो. शिवाय पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कुणी सोडत नाही. नळीचं तोंड हाताच्या मागच्या बाजूवर धरून बघा, तुषार येतात. ती हवा ट्यूबमध्ये कशाला? मी आता पायपंप ठेवलाय. नायट्रोजनवाल्यांना माझा नमस्कार. साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट मिळतो.

ओडोमीटर ३३,४१०

फेब्रुवारी. रत्नागिरी ते सावंतवाडी, एकटा, हायवेने. पहाटे मागे ३२. सत्तर किलोमीटरनंतर चहाला थांबलो तेव्हा ३५. पुढच्या फेरीला तोच रस्ता, तेच सामान, मुद्दाम २७ ठेवून: गरम झाल्यावर ३२! पाच वाढले. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, चेपला की तापतो, तापला की दाब चढतो. थंडपेक्षा दहाएक टक्के वाढ ठीक, त्याच्या बरीच वर गेली तर सुरुवातीला हवा कमी होती असं समजायचं. गरम टायरमधून 'जास्त झाली' म्हणून हवा सोडणारे भेटतात, त्यांना हात जोडून थांबवा.

सावंतवाडीहून आंबोली. खाली सकाळी २४ अंशाला ३२ होते. वर मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी धुक्यात १७ अंशाला गेज लावला तर पुन्हा ३२. थंडीने एक तरी उतरायला हवा होता. रात्री कागदावर मांडलं तेव्हा कळलं: थंडीने साधारण एक उतरला हे खरंच, पण आंबोली ६९० मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाबही साधारण तेवढाच कमी. गेज आतला आणि बाहेरचा फरक दाखवतो. दोन्हींची फिटंफाट झाली. घाट चढलो म्हणून हवेला हात लावायची गरज नाही, एवढं त्यातून निघालं.

ओडोमीटर ३५,०६०

आता फजिती.

२०२५ साली मान्सून २५ मे रोजीच देवगडला पोचला. त्याच्या आधीच चार-पाच दिवस धो धो पडत होता. आगोट अर्धी राहिली, आमची लाकडं भिजली, आणि मिरगाची वाट बघत बसलेले आम्ही सगळेच गडबडलो. त्यात एका मित्राचा सल्ला आला: "पावसात हवा चार-पाच कमी ठेव. टायर पसरतो, पकड वाढते." माझा काट्याचा हिशोब ताजा होता. तरी मी ऐकलं. का ऐकलं? तो माझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त गाडी चालवतोय म्हणून, दुसरं कारण नाही. पुढे २१, मागे २७.

भाट्ये, पावस, पूर्णगड. गाडी वळणात जड, मागून कुणी हलकेच ढकलतंय अशी. आडिवऱ्याच्या अलीकडे सड्यावर एका ठिकाणी डांबराची कड तुटून खड्डा झालेला, पाण्याने भरलेला, दिसला नाही. धाड. पन्नास पावलांवर मागचं चाक डोलायला लागलं.

पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब काढली, पाण्यात न बुडवताच बोट ठेवलं. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा.

"खिळा नाय, काय नाय. चिमटलीय. हवा किती होती?"

"सत्तावीस."

"आणि ह्या दोन बॅगा?" त्यांनी पुढे काही विचारलं नाही, नवी ट्यूब उघडली.

खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब सापडते तेव्हा अशा दोन चिरा पडतात. त्यांना ठिगळ टिकत नाही. माझ्याकडे जादा ट्यूब होती ती २१ इंची, पुढच्या चाकाची. अडीअडचणीला ती मागच्या १७ च्या टायरमध्येही कोंबता येते, उलटं करता येत नाही. म्हणून मी एकच ट्यूब नेतो आणि तीही पुढची. त्या दिवशी काकांकडे १७ ची मिळाली, नाहीतर कोंबाकोंबीच होती.

घरी येऊन त्या सल्ल्याच्या मागे लागलो. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरांवर काम करून एक ढोबळ सूत्र काढलं: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग, नॉटमध्ये (विमान-जहाजांच्या वेगाचं एकक), म्हणजे पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाची नऊपट. ३२ ला ताशी ९४ किलोमीटर येतात, २७ ला ८७. आपला टायर गोल पाठीचा आणि अरुंद, पाणी कापत जातो, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. दिशा मात्र लागू आहे: हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो. शिवाय मधला पट्टा आत दबतो, खोबण्या मिटतात, पाण्याला वाट राहत नाही. मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझं तर कधी काही झालं नाही." बरं.

हवा कमी करण्याची जागा आहे, ती म्हणजे सुटी वाळू. पण किनाऱ्यावर गाडी मी घालत नाही. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात त्या वाळूत चाकं कशाला, आणि खारं पाणी आऱ्यांच्या निपलमध्ये शिरलं की वर्षभरात गंज आलाच समजा.

ओडोमीटर ३६,७२०

पावसातल्या दोन महिन्यांत टायरची खरी परीक्षा पाण्याने घेतलीच नाही. ती घेतली मिरकरवाडा बंदरातून चढावर येणाऱ्या मासळीच्या गाड्यांनी. त्यांच्यातून गळणारं बर्फाचं पाणी आणि माशाचं तेल वळणावर नेमकं आतल्या बाजूला सांडतं. पाऊस जोरात असला तर धुऊन जातं, रिपरिप असली तर लोणी. वास आला की वेग उतरवतो, टायरवर भरवसा नाही.

दुसरं, जांभ्याचे गोटे. रस्त्याकडेची तांबडी माती वाहून डांबरावर येते, माती निघून जाते आणि वाटाण्याएवढे गोल खडे मागे राहतात. छर्ऱ्यांवर चाललो असं वाटतं. इथे तिरक्या खोबण्यांनी बरं काम केलं, पुढचं चाक दोनदा निसटलं आणि दोन्ही वेळा स्वतःच सावरलं.

तिसरं, जयगड-तवसाळ फेरीबोटीचा उतार. ओहोटीला खाली शेवाळ, वर ओली लोखंडी पट्टी. तिथे जगातला कुठलाही टायर घसरणार. क्लच अर्धा, पाय खाली, ब्रेकला हात नाही.

मागची नक्षी नवीन होती तेव्हा मधे ८.५ मिलिमीटर, आज ६.२. म्हणजे साडेपाच हजारांत २.३ गेली, अंदाजापेक्षा जास्त. निम्मे किलोमीटर हायवेच्या काँक्रीटवर झालेत आणि मधला पट्टा किंचित सपाट दिसतोय. वळणांच्या किनारी रस्त्यावर तो परत गोल होतो का, हे मला बघायचंय.

गणपतीला आठ दिवस आहेत. खड्डे बुजवायला बारीक खडी पडायला लागली, तिच्यावर डांबराचा नुसता शिडकावा. त्या दिवसांत आम्ही दोघं, दोन बॅगा आणि मखराचं सामान घेऊन गुहागरला जाणार. परत एकदा काट्यावर चढावं लागेल. बायकोला अजून सांगितलेलं नाही.